मेनकाका

बारावीच्या निकालाचे पेढे घरोघरी पोचण्याआधी आमच्या सोसायटीत मेनकाका पोचतात. त्यांच्या दारावरच्या पाटीवर नाव, आडनाव, बी.कॉम. आणि सीएआयआयबी (भाग पहिला) असं सगळं यथासांग लिहिलेलं आहे. पण त्या नावाने त्यांना हाक मारणारे आता गॅसवाला आणि पोस्टमन एवढेच उरले. बाकी साऱ्या बिल्डिंगचे ते मेनकाका. कुठल्याही मुलाने कुठल्याही कॉलेजचं नाव काढलं की काकांचा पहिला प्रश्न ठरलेला : "मेन का?" हा प्रश्न ऐकत मोठी झालेल्या पोरांनीच त्यांचं बारसं केलं.

प्रश्न विचारताना काका मान किंचित तिरकी करतात आणि चष्मा कपाळावर चढवतात. उत्तर "हो" आलं तर ते बसून चहा घेतात. "नाही" आलं तर उभ्यानेच घेतात. चहा सोडत मात्र नाहीत.

त्यांच्या बगलेत एक निळी प्लॅस्टिकची फाइल असते. तिच्यात देशातल्या यच्चयावत मोठ्या संस्थांच्या मुख्य आणि दुय्यम कॅम्पसांचे गेल्या काही वर्षांचे कटऑफ हाताने लिहिलेले असतात, मुख्य कॅम्पस लाल शाईने, बाकीचे निळ्या शाईने. आकडे अचूक असतात, हे मान्य केलं पाहिजे. बँकेत माणसाने आयुष्यभर लेजर जुळवल्यावर हात तसा वळतोच.

काकांच्या या वेडाचं मूळही बँकेतच आहे. त्यांची सगळी नोकरी ब्रँचमध्ये गेली. बार्शी, मलकापूर, सावंतवाडी, परत बार्शी. प्रत्येक वेळी बदलीच्या अर्जात पहिली पसंती मुख्य कार्यालय, आणि प्रत्येक वेळी ऑर्डर यायची ती एसटी स्टँडसमोरच्या कुठल्यातरी शाखेची. मुख्य कार्यालयात ते गेले ते थेट निवृत्तीच्या दिवशी, तेही पेन्शनच्या कागदावर सही राहिली म्हणून. लिफ्टने चौथ्या मजल्यापर्यंत जाऊन आले. "काय ती शिस्त!" असं ते अजून सांगतात. वास्तविक त्या दिवशी तिथे संप होता, असं काकू हळूच सांगतात.

तेव्हापासून जगाचे दोनच भाग उरले : मेन आणि ब्रँच. बाकरवडी आणायची तर बाजीराव रोडवरूनच, मग कोथरूडला कोपऱ्यावर त्याच दुकानाचा तोच माल मिळत असला तरी. 'आमची कोठेही शाखा नाही' हे मराठी भाषेतलं सर्वांत पवित्र वाक्य आहे असं त्यांचं मत आहे. एकदा सोसायटीची सहल केतकावळ्याच्या प्रतिबालाजीला गेली. काकांनी दर्शन घेतलं, प्रसादाचा लाडू दोनदा घेतला, पण नवस बोलायची वेळ आली तेव्हा हात मागे घेतले. म्हणाले, "नवस मेनलाच बोलायचा. ब्रँचला सँक्शनिंग पॉवर नसते."

असा माणूस शिक्षणक्षेत्राच्या तावडीत सापडणार हे उघडच होतं. विद्यापीठांनी अलीकडे इतके कॅम्पस काढलेत की काकांना निवृत्तीनंतर पूर्णवेळ काम मिळालं. कुणी "व्हीआयटी" म्हणालं की ते विचारतात, "बिबवेवाडी का वेल्लोर?" वेल्लोर असं उत्तर आलं की "वेल्लोर म्हणजे वेल्लोरच, का चेन्नई, का भोपाळ, का अमरावती?" त्यात अमरावती म्हणजे आंध्रातली, विदर्भातली नव्हे, हे समजावण्यात पाव तास जातो आणि एका वऱ्हाडी आजींचा तेवढ्यात हिरमोड होतो. 'एनएमआयएमएस' म्हटलं की पार्ले का शिरपूर. शिरपूरचा उच्चार करताना काकांचा आवाज आपोआप खाली येतो. धुळे जिल्ह्याने त्यांचं काय घोडं मारलंय कळत नाही, पण इंजिनीयरिंगच्या प्रवेशाला पार्ल्यापेक्षा तिथे कमी मार्क पुरतात, एवढा अपराध काकांना पुरतो. तळमजल्यावरच्या निवृत्त मास्तरांचा मुलगा शिरपूरला गेला, त्या दिवशी काका त्यांच्याकडचा चहा उभ्यानेच प्यायले. मास्तर ते विसरलेले नाहीत. पुढे ते येईल.

काकांचं खरं दैवत मात्र पिलानी. स्वतः ते पिलानीला कधी गेलेले नाहीत. राजस्थानात झुंझुनू जिल्ह्यात बिर्लांचं मूळ गाव, दिल्लीहून दोनेकशे किलोमीटर, गावाला रेल्वे नाही, उन्हाळ्यात भट्टी आणि हिवाळ्यात बर्फ व्हायचं तेवढं बाकी, हे सगळं ते पाठ केल्यासारखं सांगतात. गैरसोय जितकी जास्त तितकी संस्था अस्सल, असा त्यात भाव असतो. १९६४ साली तिथल्या बिर्ला इन्स्टिट्यूटला, म्हणजे बिट्सला, अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. पुढे २००० साली दुबईत, २००४ साली गोव्यात आणि २००८ साली हैदराबादला कॅम्पस निघाले. दुबईचं नाव काकांच्या फाइलमध्ये नाही. तिथे बारावीच्या मार्कांवर प्रवेश मिळू शकतो, बिटसॅट ही प्रवेशपरीक्षा दिलीच पाहिजे असं नाही. "परीक्षेशिवाय मिळते ती जागा नव्हे, सवलत," असं म्हणून त्यांनी एक अख्खं आखात निकालात काढलेलं आहे.

राहिले तीन. आणि या तिघांच्या बाबतीत काकांची खरी गंमत आहे, कारण परीक्षा तिघांची एकच. कॉम्प्युटरवर तीन तास, एकशे तीस प्रश्न, बरोबर उत्तराला तीन मार्क, चुकीला एक वजा, एकूण ३९०. मुलाने मार्क मिळवायचे आणि मग कॅम्पस आणि शाखा यांच्या जोड्या आपल्या पसंतीने क्रमाने लावून द्यायच्या. तीन कॅम्पस मिळून तिसाच्या वर पर्याय होतात. मग इटरेशन सुरू. पहिल्या इटरेशनला जे मिळालं त्यापेक्षा वरचं काही रिकामं झालं तर पुढच्या इटरेशनला आपण सरकतो. या दिवसांत काका रात्री झोपत नाहीत. स्वतःच्या घरात बारावी नसली तरी.

२०२४ साली कॉम्प्युटर सायन्सला पिलानीत ३२७ लागले, गोव्यात ३०१, हैदराबादला २९८. काका हे आकडे असे म्हणतात की ऐकणाऱ्याला वाटावं ही तीन गावांची समुद्रसपाटीपासूनची उंची आहे. "सव्वीस मार्कांचा फरक! म्हणजे नऊ प्रश्न! नऊ प्रश्नांची विद्वत्ता कमी!" दुसऱ्या मजल्यावरच्या मुलाने एकदा भीत भीत विचारलं, "पण काका, अभ्यासक्रम तर तोच ना?" काकांनी त्याच्याकडे दयार्द्र नजरेने पाहिलं. "अरे, फॉर्म तोच असतो. सही कोणाची आहे ते बघायचं."

आता कटऑफ म्हणजे काय, तर शेवटच्या जागेवर बसलेल्या मुलाचे मार्क. त्याच्यामागे किती जण उभे होते हे त्यावरून कळतं. वर्गात कोण शिकवतं, प्रयोगशाळा किती वाजेपर्यंत उघडी असते, मेसमधली आमटी कशी, यातलं काही त्या आकड्यात नसतं. जुन्या कॅम्पसचे माजी विद्यार्थी जास्त, नाव जास्त काळ कानावर पडलेलं, म्हणून रांग मोठी, म्हणून कटऑफ वर; आणि कटऑफ वर म्हणून पुढच्या वर्षी रांग आणखी मोठी. हे मी काकांना एकदा सांगून पाहिलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुमचं शिक्षण कुठलं?" मी सांगितलं. "मेन का?" आमच्या कॉलेजला एकच इमारत होती. काकांचा चेहरा एकदम उजळला आणि त्यांनी माझ्याकडे पहिल्यांदाच आदराने पाहिलं. माझा मुद्दा तिथेच राहिला.

काकांच्या फाइलमधला सगळ्यांत मोठा घोटाळा म्हणजे त्यांचीच फाइल त्यांच्या विरुद्ध साक्ष देते. पिलानीच्या मेकॅनिकलला जेवढे लागतात त्यापेक्षा गोव्याच्या कॉम्प्युटरला बरेच जास्त लागतात. म्हणजे मुलं आधी शाखा बघतात आणि मग गाव. शिवाय पिलानीतच बी. फार्म. आहे, ते कॉम्प्युटरच्या जवळजवळ निम्म्या मार्कांत मिळतं. त्याच घड्याळाच्या मनोऱ्याखाली, त्याच संगमरवरी सरस्वती मंदिरासमोर, त्याच मेसमध्ये. ब्रँचमध्ये अव्वल बसलेला मोठा का मेनमध्ये दारापाशी उभा असलेला मोठा, हा प्रश्न काकांनी कधी स्वतःला विचारू दिला नाही. बार्शीला ते मॅनेजर होते. मुख्य कार्यालयात गेले असते तर कदाचित चौथ्या मजल्यावर खिडकीपासून तिसऱ्या टेबलावर बसले असते. पण हे त्यांना कुणी सांगायचं?

परदेशाच्या बातम्यांनी त्यांची मधूनमधून मोठी करमणूक होते. आयआयटी मद्रासने २०२३ साली झांझिबारला कॅम्पस काढला आणि प्रवेशासाठी जेईई अॅडव्हान्स्डऐवजी आपली वेगळी चाळणी ठेवली, हे वाचून त्यांनी दोन दिवस कुणाला फोन केला नाही. "लवंगांच्या बेटावर आयआयटी!" एवढंच म्हणाले.

याउलट अमेरिकेबद्दल त्यांचं मत बरंच वर गेलं ते पेन स्टेटमुळे. त्यांच्या बँकेतल्या एका मित्राची नात पेनसिल्व्हेनियात वाढली. तिला युनिव्हर्सिटी पार्कला, म्हणजे पेन स्टेटच्या मेन कॅम्पसला, थेट प्रवेश मिळाला नाही. पण त्या विद्यापीठाचे राज्यभर वीसएक छोटे कॅम्पस आहेत. तिथे प्रवेश सोपा. दोन वर्षं तिथे काढायची, मग उरलेली दोन मेनला जाऊन करायची; याला तिकडे 'टू प्लस टू' म्हणतात. पदवी तीच. काकांना ही योजना इतकी आवडली की त्यांनी बँकेलाही तसं पत्र लिहायला हवं होतं असं म्हणून उसासा टाकला. बार्शी प्लस मुख्य कार्यालय! पुढे २०२५ च्या मे महिन्यात पेन स्टेटच्या विश्वस्तांनी त्यांतले सात छोटे कॅम्पस २०२७ च्या वसंत सत्रानंतर बंद करायचं ठरवलं. विद्यार्थी कमी होत चालले होते, खर्च परवडत नव्हता. ही बातमी काकांनी सोसायटीच्या ग्रुपवर टाकली. वर लिहिलं, "मी सांगत होतो." पेनसिल्व्हेनियातल्या ज्या गावांतलं एकमेव कॉलेज जाणार होतं त्यांच्याबद्दल काकू तेवढ्या हळहळल्या. त्या मूळच्या मलकापूरच्या.

काकांना निरुत्तर झालेलं मी एकदाच पाहिलं आहे, आणि ते बी विंगमधल्या एका मुलीने केलं. तिला टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेसमध्ये, टिसमध्ये, जायचं होतं. काका हर्षभरित. देवनार! १९३६ पासूनची संस्था! त्यांनी खुर्ची ओढून घेतली, चहाला सुरुवात केली. मुलगी म्हणाली, "देवनार नाही काका, तुळजापूर."

कप वाटेतच थांबला. "तुळजापूर? देवीला जायचं ते जाऊन ये की. शिकायला कशाला?"

"तिथे टिसचा १९८६ पासून कॅम्पस आहे. मला ग्रामीण विकासात काम करायचंय."

"अगं, पण देवनार मेन आहे."

"काका, दुष्काळ शिकायला देवनारला दुष्काळ कुठून आणू?"

काकांनी फाइल उघडली. लाल पान चाळलं, निळं चाळलं. या प्रश्नाचा कटऑफ कुठेच नव्हता. ती मुलगी तुळजापूरला गेली, मराठवाड्यातल्या गावांत हिंडली आणि आता पाणलोटाचं काम करते. ग्रामीण विकासाच्या बाबतीत मेन कुठलं आणि ब्रँच कुठली, हे माझ्या मते तिने एका वाक्यात ठरवून टाकलं. काकांच्या मते तो अपवाद. "देवीचं ठिकाण आहे, तिथे नियम वेगळे," असं म्हणून त्यांनी तुळजापूरला निळ्या शाईतच ठेवलं, पण शेजारी एक छोटं लाल टिंब दिलं.

आणि मग त्यांच्या नातीची बारावी आली.

नात हुशार, आजोबांवर जीव असलेली आणि मुख्य म्हणजे कमी बोलणारी. बिटसॅटमध्ये तिला २८० मिळाले. काकांनी त्या रात्री फाइल मांडीवर घेऊन पसंतीक्रम तयार केला. पहिल्यापासून शेवटपर्यंत पिलानी. कॉम्प्युटर, इलेक्ट्रॉनिक्स, मेकॅनिकल, केमिकल, सिव्हिल, मॅन्युफॅक्चरिंग, मग एम.एस्सी. बायॉलॉजी, एम.एस्सी. केमिस्ट्री, आणि तरीही नशिबाने दगा दिलाच तर बी. फार्म. गोवा आणि हैदराबाद यांच्यासाठी पान उलटावं लागत होतं.

"आजोबा, फार्मसी? मला इलेक्ट्रिकल-इलेक्ट्रॉनिक्स हवंय."

"बाळा, फार्मसी चार वर्षांची. मेन जन्माचं."

एम.एस्सी.ला प्रवेश घेतला की पहिल्या वर्षाच्या गुणांवर त्याच कॅम्पसमध्ये जोडीला इंजिनीयरिंगची दुसरी पदवी मिळू शकते, याला ड्युअल डिग्री म्हणतात, हेही त्यांनी समजावलं. "आधी साधं खातं उघडायचं, ओव्हरड्राफ्ट नंतर बघू." ही वाट खरोखरच अनेक मुलं धरतात, आणि त्यांतल्या पुष्कळांना पहिलं वर्ष वेड्यासारखं घासावं लागतं, पण ते काकांच्या निळ्या फाइलमध्ये नव्हतं.

नातीने मान डोलावली. काकांनी स्वतःच्या हाताने फॉर्म भरला, जप केल्यासारखे सगळे पर्याय तपासले आणि समाधानाने झोपले. मुदत संपायला अजून दोन दिवस होते आणि तोवर क्रम बदलता येतो, हे काकांना माहीत होतं. ते नातीलाही माहीत असेल हे त्यांच्या लक्षात आलं नाही. पासवर्डही काकांनीच ठेवला होता. तो काय असेल हे आमच्या वॉचमननेही ओळखलं असतं.

पहिल्या इटरेशनला गोव्याचं इलेक्ट्रिकल अँड इलेक्ट्रॉनिक्स लागलं.

त्या संध्याकाळी काकांच्या घरातून काही आवाज आला नाही. काकू म्हणतात, ते बराच वेळ गॅलरीत उभे होते आणि मग त्यांनी एकच विचारलं, "गोव्याला लोक शिकलेलं विसरायला जातात ना?" पण रात्री नात त्यांच्याशेजारी जाऊन बसली. काय बोलली ते तिने कुणाला सांगितलं नाही. सकाळी काका पेढे घेऊन निघाले, बाजीराव रोडवरून आणलेले, आणि प्रत्येक दारात घोषणा केली : "बिट्स पिलानी!"

तळमजल्यावर मास्तर दारातच उभे होते. या क्षणासाठी त्यांनी बरीच वर्षं दम धरला होता. पेढा हातात घेतला, मान किंचित तिरकी केली, चष्मा कपाळावर चढवला.

"मेन का?"

काका क्षणभर थबकले. पण बँकेतला माणूस, कागदावर बोट ठेवणार. "मास्तर, संस्थेचं नावच बिट्स पिलानी आहे. अलॉटमेंट बघा. 'बिट्स पिलानी' आधी आणि 'के. के. बिर्ला गोवा कॅम्पस' नंतर. विद्यापीठ एक, पदवी एक. बाकी काय ते पत्त्यात आलं."

मास्तरांनी पेढा खाल्ला. बसूनच.

ऑगस्टमध्ये काका नातीला पोचवायला गेले. पुण्याहून गोवा एक्सप्रेसने वास्को, तिथून दाबोळीवरून झुआरीनगर. पिलानीला जायचं तर आधी दिल्ली आणि मग रस्त्याने पुढे हरियाणा ओलांडायचा, हे त्यांना तेव्हा पहिल्यांदाच अवघड वाटलं. आठ दिवस राहून आले. आल्यावर हिरवळ, वसतिगृह, विमानतळाची जवळीक यांवर व्याख्यानं झाली. लायब्ररीत पोरं रात्री उशिरापर्यंत बसलेली त्यांनी स्वतः पाहिली होती. "आणि शिस्त! काय ती शिस्त!" काकूंनी या वेळी काही जोडलं नाही.

फाइलही नवी झाली. लाल-निळी शाई गेली, सगळं काळ्या शाईत. कॅम्पसांची नावं आता वर्णानुक्रमे लावली आहेत, कारण काकांच्या मते कागद नि:पक्षपाती असावा. वर्णानुक्रमात गोवा पहिला येतो, मग पिलानी, मग हैदराबाद.

यंदा सी विंगमधल्या एका मुलाला खुद्द पिलानी मिळालं. घरच्यांनी मोठ्या आशेने काकांना बोलावलं. आम्हीही गेलो, प्रसंग पाहण्यासारखा होता. मुलगा म्हणाला, "काका, पिलानी. मेन."

काका खुर्चीत टेकले, पण पाठ टेकवली नाही. "ते असू दे," म्हणाले. "शाखा कोणती?"

"सिव्हिल."

काकांनी कप उचलला आणि उभे राहिले.

तुमच्या सोसायटीतही असे कुणी असतीलच. घरात बारावी असेल तर त्यांना जरूर बोलवा आणि चहा पाजा. कटऑफ त्यांच्याकडूनच घ्या, ते वृत्तपत्रापेक्षा खात्रीचे असतात. पसंतीक्रम मात्र मुलालाच भरू द्या, आणि पासवर्डही त्यालाच ठेवू द्या.